बाळंतिणीच्या रक्ताचं माप

बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजातल्या शरीरक्रियाशास्त्र विभागाच्या संशोधनावर लिहा, असं संपादकांनी सुचवलं, तेव्हा डोळ्यांपुढे आला तो बेडकाचा स्नायू. संस्थेचा इतिहास दोन ओळींत सांगता येतो: केएलई संस्था 1916ची, कॉलेज 1963चं. मी अडकलो ते प्लास्टिकच्या एका पिशवीपाशी.

गर्भाशयाकडे दिवस भरताना मिनिटाला साधारण अर्धा लिटर रक्त जातं. वार पडली की गर्भाशय आवळतं आणि त्याचे स्नायूच रक्तवाहिन्या चिमटून बंद करतात. आवळलं नाही तर रक्त वाहतच राहतं. त्यात गरोदरपणी रक्त वाढलेलं असल्यानं नाडी आणि रक्तदाब बराच वेळ ठीक दिसतात. चादरीवरचा डाग पाहून अंदाज बांधावा, तर तो हमखास कमी निघतो. बेळगावातच 123 बाळंतिणींवर पडताळणी झाली, तेव्हा नजरेचा अंदाज मोजमापापेक्षा 33 टक्के कमी भरला.

ते मोजमाप याच पिशवीनं केलं होतं. कमरेला बांधायचं प्लास्टिक, खाली नरसाळ्यासारखा निमुळता कप्पा, त्यावर मिलिलिटरच्या खुणा. एवढंच! शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक शिवप्रसाद गौडर, स्त्रीरोगतज्ज्ञ बी. एस. कोडकनी आणि अमेरिकी सहकाऱ्यांनी बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत 1620 बायकांवर गर्भाशय आवळायला लावणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांची चाचणी घेतली, तीही रक्त असंच मोजून. गोळ्या देणाऱ्या होत्या गावच्या नर्सबाई. अतिरक्तस्राव 12 टक्क्यांवरून 6.4वर आला; 2006 साली हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. निम्म्या बायकांना बिनऔषधी गोळी मिळाली, हे मला आजही खटकतं. पण तेव्हा या नर्सबाईंच्या हाती दुसरं औषधच नव्हतं, हेही खरं. 2011मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं बाळंतपणानंतरचा रक्तस्राव टाळण्यासाठी मिसोप्रोस्टॉल अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं.

अडचणी मात्र पुष्कळ. गोळीनं हुडहुडी भरते, ताप येतो. याच कामाचं, पण तिच्याहून सरस औषध ऑक्सिटोसिन थंडीत ठेवावं लागतं, आणि खेड्यातल्या विजेचा काय भरवसा? पिशवीही एकदाच वापरायची, म्हणजे दर बाळंतपणाला नवा खर्च. शिवाय नुसतं मोजून भागत नाही. युरोपातल्या 13 देशांत पिशवी वापरून पाहिली, तर गंभीर रक्तस्रावात खात्रीनं सांगावी अशी घट दिसली नाही. उलट आफ्रिकेतल्या चार देशांत मोजमापाला मालिश, औषधं, सलाइन आणि तपासणी यांची लगोलग जोड दिली. तिथं गंभीर रक्तस्राव, त्यासाठीची शस्त्रक्रिया किंवा त्यामुळे मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण 60 टक्क्यांनी घटलं. तो निष्कर्ष 2023चा. खूण दिसताच हात चालवणारी नर्सबाई हजर नसेल, तर ही पिशवी रक्ताची नोंद ठेवण्यापलीकडे काही करत नाही.