सबवूफरची घूंघूं आणि घराचें अर्थिंग

सुशिक्षित कुटुंबांच्या दिवाणखान्यांत एके काळीं रेडिओस जें मानाचें स्थान होतें, तें आतां होम थिएटर या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या यंत्रसमूहाकडे गेलें आहे. भिंतीवर मोठा टेलिव्हिजन, त्याखालीं रिसीव्हर, कोपऱ्यांतून लहान लहान ध्वनिक्षेपक, आणि सोफ्याच्या आड ठेवलेली एक जड, काळी, चौकोनी पेटी. ही पेटी म्हणजे सबवूफर. घरांतील वडील मंडळींस तिचें प्रयोजन सहजासहजीं पटत नाहीं. आणि पटूं लागतें न लागतें तोंच ती आपल्याच मनानें गुणगुणूं लागते. चित्रपट संपला आहे, घरांत निजानीज झाली आहे, तरी कोपऱ्यांतून अखंड घूंऽऽ ऐकूं येतच आहे.

या घूंघूंविषयीं आम्हांस अनेक परिचितांनीं विचारलें आहे. आणि तिच्यावर कांहीं घरीं योजलेले उपाय पाहून आम्हांस जी धास्ती वाटली, तिच्यामुळेंच हा विषय जरा विस्तारानें मांडावा असें आम्हीं ठरविलें. आवाज बंद होणें वेगळें आणि दोष दूर होणें वेगळें. या बाबतींत तर आवाज बंद करण्याचा सर्वांत सोपा मार्ग हाच सर्वांत घातक आहे.

प्रथम या पेटीचें काम थोडक्यांत पाहूं. होम थिएटरच्या जाहिरातींत ५.१ असा आंकडा असतो. त्यांतील पांच म्हणजे पांच पूर्ण ध्वनिक्षेपक. पुढचा एक म्हणजे केवळ खर्जासाठीं राखून ठेवलेली वाट. डॉल्बीच्या पद्धतींत ही वाट १२० हर्ट्‌झपर्यंतच्या ध्वनीसाठीं असते. १९७४ सालीं ‘अर्थक्वेक’ या अमेरिकन चित्रपटाच्या वेळीं थिएटरांत मोठाले खर्जाचे भोंगे बसवून प्रेक्षकांस भूकंप अंगावर अनुभवावयास लावला होता. तोच शौक आतां लहान प्रमाणांत घरांत आला आहे, इतकेंच. एवढा खालचा स्वर उमटवावयास शक्ति पुष्कळ लागते. म्हणून सबवूफरच्या पोटांत त्याचा स्वतःचा अॅम्प्लिफायर असतो, आणि त्यासाठीं वीज आणणारी एक वायर भिंतीकडे जाते. दुसरी केबल रिसीव्हरकडून संदेश घेऊन येते. वीज एकीकडून आणि संदेश दुसरीकडून, हीच सर्व तंट्याची जड होय.

आतां त्या घूंघूंचा स्वर ओळखूं. आपल्याकडील वीज २३० व्होल्ट दाबाची असून तिचा प्रवाह सेकंदास ५० आवर्तनें करितो. पेटी वाजविणारांच्या भाषेंत सांगावयाचें तर पांढरी पांच या स्वराचें अगदीं खालच्या सप्तकांतील रूप ४९ हर्ट्‌झचें असतें; विजेची घूंघूं त्याच्या किंचित् वर लागते. अमेरिकेंत स्थायिक झालेल्या आप्तांच्या घरीं विजेचीं आवर्तनें ६० असल्यामुळें हीच पेटी काळी पांच व पांढरी सात यांच्या मधोमध कोठेंतरी गुणगुणते. रोग तोच, पट्टी तेवढी निराळी. पुष्कळदां ५० च्या जोडीला त्याच्या वरच्या सप्तकांतील १०० हर्ट्‌झचा स्वरहि मिसळलेला असतो, आणि कानास तोच अधिक जाणवतो; कारण खर्जाच्या बाबतींत आपला कान मुळांत मंद आहे, हें फ्लेचर व मन्सन या शास्त्रज्ञांनीं १९३३ सालींच मोजून दाखविलें. ज्यांचा कान तयार आहे त्यांनीं त्याच्यावर खुशाल भरंवसा ठेवावा. मोबाइलचा मायक्रोफोन इतका खर्ज धड पकडीत नाहीं.

परीक्षेची पहिली पायरी फार सोपी आहे, आणि ती सोडून लोक एकदम नवी केबल आणावयास कां धांवतात हें आम्हांस कळत नाहीं. सर्व यंत्रें बंद करावीं, सबवूफरमध्यें रिसीव्हरकडून येणारी केबल त्याच्या पाठीमागून काढावी, आणि मग एकटा सबवूफर चालू करावा. घूंघूं तशीच राहिली तर दोष पेटीच्या पोटांत आहे. ती थांबली तर पेटी निर्दोष समजावी. आवाज केबलमार्गें बाहेरून येत आहे. मात्र केबलचें एक टोक पेटींत ठेवून दुसरें मोकळें सोडूं नये. त्या मोकळ्या टोकास बोट लागतांच मोठा आवाज होतो, आणि त्यावरून भलतेंच अनुमान निघतें.

बहुतेक घरीं पेटी निर्दोष ठरते. मग आवाज येतो कोठून? या केबलला दोन अंगें असतात: मधली तार आणि तिच्याभोंवतीं विणलेलें धातूचें वेष्टन. मधल्या तारेंतून संदेश जातो, आणि वेष्टन त्याची परतीची वाट होऊन शिवाय दोन्ही यंत्रांच्या धातूच्या अंगांस एकमेकांशीं जोडतें. आतां सबवूफर आपल्या तीन पिनांच्या प्लगमधून घराच्या अर्थिंगला जोडलेला आहे. रिसीव्हरहि कोठेंतरी जमिनीला जोडलेला असेल, तर जमिनीकडे जाणाऱ्या वाटा दोन झाल्या, आणि केबलच्या वेष्टनासह एक पूर्ण वर्तुळ तयार झालें. दोन्ही ठिकाणच्या अर्थिंगचा दाब तंतोतंत सारखा कधींच नसतो. त्या फरकामुळें वर्तुळांतून थोडा प्रवाह वाहूं लागतो. शिवाय जवळून वीज वाहणाऱ्या तारा गेल्या असतील, तर फॅरडेनें १८३१ सालीं शोधून काढलेल्या नियमानुसार त्या वर्तुळांत आणखी प्रवाह उत्पन्न होतो. समजा, वेष्टनाचा रोध ओहमचा एक दशांश आहे आणि त्यांतून १० मिलीअँपियर प्रवाह जात आहे. तर वेष्टनाच्या दोन टोकांत एक मिलीव्होल्टचा फरक पडला. गाण्याचा संदेश मुळांत तीनशे मिलीव्होल्टांच्या आसपास. म्हणजे गाण्याच्या तीनशेव्या हिश्शाएवढी भेसळ झाली, आणि सबवूफर बिचारा तीहि इमानानें मोठी करून आपल्याला ऐकवितो!

आमच्या अनुभवांत या वर्तुळाचा दुसरा पाय बहुधा टेलिव्हिजनच्या केबलमध्यें सांपडतो. केबलवाल्याची जाड तार गच्चीगच्चीवरून, इमारतीइमारतींतून येते. तिचें वेष्टन दूर कोठेंतरी, दुसऱ्याच कोणाच्या अर्थिंगला टेकलेलें असतें. गच्चीवरील डिश लोखंडी कठड्याला आंवळलेली असेल तरी तोच प्रकार. ती तार सेट-टॉप बॉक्सला, सेट-टॉप बॉक्स एचडीएमआयच्या वायरनें रिसीव्हरला, आणि रिसीव्हर सबवूफरला. मधली एकहि कडी तुटलेली नाहीं. यास्तव दुसरी पायरी अशी कीं, सबवूफरची केबल पुन्हां लावावी आणि सेट-टॉप बॉक्समागील ती जाड तार फिरवून काढावी. निम्म्याहून अधिक घरीं त्याच क्षणीं शांतता होते. न झाल्यास रिसीव्हरला जोडलेलें एकेक यंत्र सोडवीत जावें. घरांतील मुलानें लॅपटॉप जोडून ठेवला असेल तर त्याचा चार्जर काढून पाहावा. लॅपटॉप बॅटरीवर चालतांच आवाज गेला, तर चोर सांपडला.

परंतु पुष्कळ घरीं येथवर कोणी थांबत नाहीं. एका परिचितांच्या एकत्र कुटुंबांत आम्हीं पाहिलेला प्रकार सांगतों. आवाजाची तक्रार ऐकून आलेल्या कारागिरानें पेटीचा प्लग हातांत घेतला आणि घरांतील वडिलांस म्हटलें, “काका, ही वरची जाड पिन काढून टाकतों, आवाज आत्तां बंद होईल.” आणि आवाज खरोखरच बंद झाला. सर्व मंडळी खूष झालीं. त्याला चहा मिळाला, पैसेहि मिळाले.

आवाज बंद कां झाला हें वरील विवेचनावरून ध्यानांत येईलच: वर्तुळ तुटलें. पण ती जाड पिन आवाजासाठीं नसून माणसांसाठीं असते. ती इतर दोन पिनांपेक्षां लांब केलेली असते, ती प्लग घालतांना प्रथम टेकावी आणि काढतांना शेवटीं सुटावी म्हणून. उद्यां पेटीच्या आंतील एखादें आवरण जळलें आणि फेजची तार तिच्या पाठीच्या धातूच्या पत्र्याला टेकली, तर अर्थिंग असतांना मोठा प्रवाह जमिनींत जाऊन एमसीबी पडते. अर्थिंग नसतांना कांहींच घडत नाहीं. पेटी वाजत राहते, आणि तिचा पत्रा २३० व्होल्टांवर वाट पाहत राहतो. केबलच्या वेष्टनामार्गें तोच दाब रिसीव्हरच्या अंगावरहि पोंचतो. ओल्या फडक्यानें फरशी पुसणाऱ्या बाईंचा हात, रांगणाऱ्या नातवाचा हात, देवपूजेसाठीं ओलेत्यानें दिवाणखान्यांतून जाणाऱ्या आजोबांचा पाय, यांतील कोणता त्या पत्र्यास प्रथम लागेल हें कोणी सांगावें? त्या घरीं आम्हीं नवा प्लग बसविल्यावांचून निघण्याचें नाकारलें. घूंघूं परत आली, आणि मग ती रीतसर शोधली. बाजारांत तीन पिनांचा प्लग दोन छिद्रांत बसविणारा जो स्वस्त जोड मिळतो, तोहि मुकाट्यानें हेंच पाप करितो. कांहीं पेट्या मुळांतच दोन पिनांच्या असतात. त्यांवर चौकोनांत चौकोन अशी खूण असते, म्हणजे त्यांचें आवरण दुहेरी आहे. त्यांची गोष्ट वेगळी.

जुन्या वाड्यांत निराळीच पंचाईत असते. तेथें मूळ वायरिंग दोन तारांचें. पुढें तीन छिद्रांचे सॉकेट बसविले गेले, पण वरच्या छिद्रामागें तारच नाहीं. आजच्या यंत्रांतील वीजपुरवठ्यांत दोन्ही तारांपासून अंगाकडे जाणारे लहान कपॅसिटर असतात. अर्थिंगवांचून असें अंग सुमारें निम्म्या दाबावर तरंगतें, आणि हात फिरविल्यास मुंग्या आल्यासारखें वाटतें. वरचें छिद्र रिकामें आहे असें पाहून त्याची न्यूट्रलशीं गांठ मारून देणारे वायरमनहि आहेत. त्यांस घराबाहेरचा रस्ता दाखवावा. कारण बाहेर न्यूट्रल तुटली कीं घरांतील प्रत्येक यंत्राचें अंग एकदम जिवंत होतें. परवानाधारक वायरमनकडून प्रत्येक सॉकेटचें अर्थिंग तपासून घ्यावें, आणि मुख्य बोर्डावर ३० मिलीअँपियरची आरसीसीबी बसवावी. आवारांत कोळसा व मीठ घालून केलेला अर्थिंगचा खड्डा असेल तर चैत्रवैशाखांत त्यांत पाणी घालीत जावें. माती सुकली कीं त्याचा रोध वाढतो. वडील पिढी हें काम बागेच्या पाण्याबरोबर नेमानें करीत असे, आतां खड्डा कोठें आहे हेंच घरांत कोणास ठाऊक नसतें.

आतां निर्धोक उपाय. सबवूफर व रिसीव्हर ही दोन्ही यंत्रें एकाच एक्स्टेन्शन बोर्डवरून चालवावीं, म्हणजे दोघांचें अर्थिंग एकाच ठिकाणीं मिळतें आणि वर्तुळ लहान होतें. थ्री-फेज जोडणी असलेल्या मोठ्या घरांत तर हें विशेषच पाळावें, कारण तेथें समोरासमोरच्या भिंतींवरील दोन सॉकेट निरनिराळ्या फेजवर असूं शकतात, आणि दोन फेजमधील दाब सुमारें ४०० व्होल्ट असतो. संदेशाची केबल विजेच्या वायरीला चिकटवून नेऊं नये. ओलांडावी लागली तर काटकोनांत ओलांडावी. दोष टेलिव्हिजनच्या तारेंत सांपडला असेल तर त्या तारेसाठीं मिळणारा आयसोलेटर घ्यावा. तो चित्राचे संदेश जाऊं देतो आणि ५० हर्ट्‌झचा प्रवाह अडवितो. तेवढ्यानें न भागल्यास रिसीव्हर व सबवूफर यांच्यामध्यें आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घालतां येतो. येथें मात्र स्वस्ताईचा मोह नको. लहानशा गाभ्याच्या ट्रान्सफॉर्मरमधून खर्जच नीट जात नाहीं, आणि सबवूफरला खर्जाशिवाय दुसरें काम नाहीं!

घूं असा गुळगुळीत आवाज नसून झर्र असा खरखरीत असेल, तर पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर किंवा दिव्याचा डिमर बंद करून पाहावा. पेटीवरील आवाजाची कळ अगदीं वरपर्यंत फिरविलेली असल्यासहि नसलेली घूंघूं ऐकूं येते. ती कळ मध्यावर आणून उरलेली कसर रिसीव्हरकडून भरून काढावी.

राहिली ती केबल काढल्यावरहि गुणगुणणारी पेटी. तिच्या जाळीवर हात ठेवावा. पडदा स्तब्ध असून पाठीमागचा पत्राच थरथरत असेल, तर आंतील ट्रान्सफॉर्मर घुमत आहे. तो ढिला झालेला स्क्रू आंवळून कित्येकदां गप्प बसतो. पडदाच हलत असेल व स्वर १०० हर्ट्‌झचा वाटत असेल, तर आंतील फिल्टर कपॅसिटर बहुधा म्हातारे झाले आहेत. ते बदलून मिळतात. हीं दोन्ही कामें दुरुस्ती करणाऱ्या जाणकाराचीं आहेत. प्लग काढल्यानंतरहि या कपॅसिटरांत कांहीं वेळ वीज सांठून राहते, म्हणून घरांतील हौशी मंडळींनीं पाठीमागचा पत्रा स्वतः उघडूं नये. पेटी जड असल्यास आणि अॅम्प्लिफायरचा पत्रा सुटा निघणारा असल्यास दुरुस्ती करणारास घरीं बोलवावें; तो तेवढाच भाग काढून नेऊं शकतो.