अभ्यास हवा, तशी झोपही हवी!

जून उजाडला की घराघरांत एकच धांदल उडते. दप्तर, रेनकोट, वह्यांची कव्हरं, गणवेश... यादी संपता संपत नाही. पण मैत्रिणींनो, या यादीत ‘झोप’ हा शब्द आपल्यापैकी किती जणींनी लिहिला आहे?

मी अर्धवेळ शिक्षिका आहे. पहिल्या तासाला वर्गात दोन-तीन मुलं हटकून पेंगत असतात. अशा मुलाला आपण चटकन ‘मंद’ म्हणतो, शिकवणी लावतो. खरं पाहता त्यातली बरीचशी मुलं हुशार असतात. बिचाऱ्यांची झोपच झालेली नसते!

आपल्या भाईंदर पूर्वेचंच बघा ना. गोडदेव काय, नवघर काय नि खारीगाव काय, घरोघरी एकच तऱ्हा. मुलांचे बाबा लोकलच्या गर्दीतून रात्री साडेनवाला घरी येतात, मग पानं वाढायची. वन रूम किचनची जागा, तिथेच टीव्ही, तिथेच अंथरुणं. निजानीज व्हायला अकरा वाजतात आणि सकाळी सातची शाळा असली तर सहाला उठायचं. म्हणजे झोप झाली सात तास. डॉक्टर सांगतात, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप हवी. १३ ते १८ वर्षांच्यांना ८ ते १० तास. लहानग्याच्या हिशेबात रोज दोन तासांची तूट! शिकलेलं डोक्यात पक्कं बसतं ते झोपेतच. मग पाठांतर टिकणार कसं?

हा प्रश्न सरकारलाही जाणवला. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने आदेश काढला, की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. मुलांची झोप पुरी होत नाही, हे त्याचं मुख्य कारण. पण यात एक मेख आहे बरं का! शाळा उशिरा म्हणून झोपायलाही उशीर केला, तर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आणि पाचवीपासून पुढच्या मुलांना तर हा आदेश लागूच नाही. तेव्हा खरी किल्ली आपल्याच हाती आहे.

मग करावं काय? मुलांची जेवणं आठलाच उरकावीत. बाबांची वाट पाहत त्यांना जागवू नये. बापलेकांच्या गप्पा सकाळच्या नाश्त्याला नि रविवारी होऊ देत. झोपण्याआधी तासभर टीव्ही, मोबाइल बंद. शाळा सुरू होण्याआधी दोन आठवडे दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटं लवकर निजवावं, म्हणजे सवय अलगद लागते. सुट्टीच्या दिवशीही उठण्याची वेळ तासाभरापेक्षा जास्त ढळू देऊ नये.

झोप पुरेशी होऊनही मूल मरगळलेलं दिसलं, तर रक्त कमी नाही ना, ते पाहावं. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या १०० मुलांपैकी सुमारे ६९ जणांत रक्ताची कमतरता आढळली होती. आपल्याकडे सकाळी चहा-पोळी देण्याची पद्धत आहे. ती आधी बंद करावी, कारण चहामुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही. त्याऐवजी मोड आलेल्या मटकीची उसळ द्यावी, वर लिंबू पिळावं. लिंबामुळे लोह चांगलं शोषलं जातं. जंतांमुळेही रक्त कमी होतं. शाळांत आणि अंगणवाड्यांत २०१५ पासून वर्षातून दोनदा, साधारणतः फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये, जंताची गोळी फुकट देतात. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये.

मूल रोज मोठ्याने घोरत असेल, तोंडाने श्वास घेत असेल, तर ‘दमलंय बिचारं’ म्हणून सोडून देऊ नका. टॉन्सिल किंवा नाकामागची गाठ वाढली असू शकते. डॉक्टरांना दाखवाच.

या कशालाच फारसा खर्च नाही. घरातल्या मोठ्या माणसांनी आपल्या वेळा थोड्या बदलल्या की झालं. सासूबाईंची मालिका असो की आपली, नऊ वाजता टीव्हीचं बटण बंद करायचं काम तेवढं कुणीतरी अंगावर घ्यायला हवं. ते आपणच घेऊ या, नाही का?