सदतीस वर्षांच्या पगाराचा हिशेब

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी व्यापारी मंडळी वह्यांची पूजा करतात. आमचे घराणे शेतकऱ्याचे आणि मी जन्मभर पोलीस. आमच्याकडे कसली वही असणार? पण एक वही मजजवळ आहे. १९८६ साली मी पोलीस शिपाई म्हणून भरती झालो आणि पहिला पगार हातात पडला, त्या दिवशी मुख्यालयासमोरच्या दुकानातून मी ती शंभरपानी वही विकत घेतली. २०२३ साली अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होईपर्यंत दर महिन्याचा पगार मी तीत टिपला. मूळ पगार किती, भत्ता किती, कापले किती, हातात आले किती. शेवटच्या रकान्यात दुसरी एक नोंद असे : त्या महिन्यात सुट्ट्या किती मिळाल्या. तो रकाना बहुतेक पानांवर फार काही बोलत नाही.

गेल्या दिवाळीत ही वही ट्रंकेतून बाहेर काढावी लागली. थोरल्या भावाचा मुलगा फराळाच्या निमित्ताने आला. बी. ए. झालेला, अंगापिंडाने चांगला, पहाटे उठून धावणारा. चकलीचा पहिला तुकडा मोडायच्या आतच त्याने विचारले,

“काका, शिपायाच्या भरतीचा अर्ज भरू, की फौजदारीच्या परीक्षेचा अभ्यास करत बसू? आई म्हणते, हातचे सोडून पळत्याच्या मागे लागू नकोस.”

प्रश्न साधा नव्हता. भावाला जाऊन चार वर्षे झाली होती. दीड एकर शेत, सोसायटीचे कर्ज आणि लग्नाला आलेली बहीण. वहिनीने त्याला पोळ्या-फराळाला पाठवले नव्हते, उत्तर आणायला पाठवले होते. मी त्याला म्हटले, “बस. आधी हिशेब पाहू, मग मत देतो.”

वाचकहो, पोलिसाच्या पगाराविषयी लोकांत दोन मते असतात. एक म्हणते, बिचाऱ्याला मिळते काय? दुसरे म्हणते, त्याला पगाराची गरजच काय? दोन्ही मते बोलणाऱ्यांनी पोलिसाची पगारपावती कधी पाहिलेली नसते. म्हणून तो हिशेब इथे मांडतो.

सातव्या वेतन आयोगाप्रमाणे महाराष्ट्रात नव्या शिपायाची वेतनश्रेणी २१,७०० ते ६९,१०० रुपये अशी ठरली. ही श्रेणी कागदोपत्री १ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. प्रत्यक्षात नवा पगार २०१९ साली सुरू झाला आणि मधल्या तीन वर्षांची थकबाकी पाच हप्त्यांत द्यायचे ठरले. दरवर्षी तीन टक्के वाढ मिळते. म्हणजे २१,७०० वर पहिली वाढ ७०० रुपयांची. त्यावर महागाई भत्ता. २०२४ च्या जानेवारीपासून तो मूळ पगाराच्या ५० टक्के झाला. म्हणजे नव्या शिपायाला २१,७०० आणि वर १०,८५०, असे ३२,५५० रुपये झाले. पोलीस लाईनीत खोली मिळाली तर घरभाडे भत्ता नाही. नाही मिळाली तर तो भत्ता मिळतो. २०१९ मध्ये तो मुंबई-पुण्यासारख्या शहरांत २४ टक्के आणि लहान गावी ८ टक्के असा सुरू झाला आणि महागाई भत्त्याबरोबर तोही चढेल अशी तजवीज केली गेली. शिवाय धुलाई भत्त्यासारख्या किरकोळ रकमा. गडचिरोलीच्या नक्षलग्रस्त भागात गेले तर एक पायरी वरच्या श्रेणीचा पगार. पण तो पैसा कशाबद्दल मिळतो हे सांगायला नको.

पुतण्या म्हणाला, “काका, हे काही वाईट नाही.”

“वाईट नाहीच,” मी म्हणालो. “माझ्या वहीतले पहिले पान पाहशील तर तुला हसू येईल. आता ही रक्कम तासांनी भाग. महिन्याचे सव्वीस दिवस आणि रोज बारा तास धर. ताशी १०४ रुपये पडतात. तेच काम आठ तासांचे असते, तर ताशी १५६ पडले असते.”

पोलिसाचा पगार कमी वाटतो तो इथे. पैसा सरकार देते, पण तास मोजत नाही. २०१६ साली मुंबईत देवनार ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग झाला. तेव्हाचे पोलीस आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी तो उचलून धरला. मूळ कल्पना मात्र त्याच ठाण्यातल्या एका शिपायाची होती, ही गोष्ट मला फार आवडते. २०२२ मध्ये आमच्या किरकोळ रजा वर्षाला बाराच्या वीस झाल्या, हेही खरे. पण रजा पदरी असणे आणि ती मंजूर होणे यांत सणावारी केवढे अंतर असते, ते पोलिसाच्या बायकोला विचारावे.

मग मी फौजदाराचा हिशेब मांडला. पोलीस उपनिरीक्षकाची श्रेणी ३८,६०० ते १,२२,८००. पहिली वाढ १,२०० रुपयांची. नव्या शिपायात आणि नव्या फौजदारात पहिल्याच दिवशी १६,९०० रुपयांचे अंतर. शिपायाने नुसत्या वार्षिक वाढीवर चालत राहायचे म्हटले, तर फौजदाराच्या पहिल्या पगाराला ओलांडायला त्याला वीस वाढी लागतात. वीस वाढी म्हणजे वीस वर्षे.

“आणि बढती?” त्याने विचारले.

वहीतली खरी गोष्ट बढतीचीच आहे. पगार वाढवायला वेतन आयोग येतात. माझ्या नोकरीत चार वेतन आयोगांच्या श्रेण्या मी पाहिल्या; त्यांसाठी मला बोटही हलवावे लागले नाही. बढतीचे तसे नाही. मी भरती झालो तेव्हा शिपाई, नाईक, हवालदार, सहायक फौजदार आणि फौजदार अशी शिडी होती. तिची रचना फार जुनी आहे. १९०२ साली सर अँड्र्यू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली पोलीस आयोग नेमला गेला. फौजदार थेट बाहेरून भरावेत ही शिफारस त्याची. त्याच काळात, १९०६ साली, पुण्याजवळ भांबुर्ड्याला अधिकाऱ्यांची प्रशिक्षण शाळा निघाली. १९०९ मध्ये ती नाशिकला गेली. हीच आजची महाराष्ट्र पोलीस अकादमी. अधिकाऱ्याला शिक्षण मिळाले हे चांगलेच झाले. पण खालून चढणाऱ्या शिपायाची वाट तेव्हापासून अरुंद झाली. १९७७ मध्ये नेमलेल्या धर्मवीर आयोगाने आपला पहिलाच अहवाल शिपायांच्या दैन्यावर, घरांवर आणि खुंटलेल्या बढतीवर लिहिला. १९८२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या पोलिसांनी संप केला तेव्हा लष्कर बोलवावे लागले; पुष्कळांच्या नोकऱ्या गेल्या आणि संघटनेची मान्यताही गेली. मी चार वर्षांनी भरती झालो. आमचे वस्ताद कवायतीत एवढेच सांगत : मागायचे नाही, मिळेल ते घ्यायचे.

तरी एक खिडकी उघडी होती. माझ्या काळी फौजदारांच्या निम्म्या जागा सरळ भरतीने, पाव ज्येष्ठतेने आणि पाव खात्यातल्या माणसांच्या मर्यादित परीक्षेने भरत. काही वर्षे नोकरी झालेल्या शिपायाला ही परीक्षा देता येई.

माझा एक सोबती होता. एकाच दिवशी आम्ही भरती झालो, एकाच बराकीत झोपलो, एकाच डब्यात जेवलो. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आम्ही दोघांनी त्या परीक्षेचा अर्ज भरला. खजिन्याच्या गार्डावर रात्री दिव्याखाली कायद्याची कलमे पाठ केली. तो विचारायचा, मी सांगायचो. खरे बोलायचे तर माझी तयारी त्याच्यापेक्षा बरी होती. परीक्षेच्या दोन दिवस आधी गावात तंग वातावरण झाले आणि साऱ्यांच्या रजा बंद झाल्या. सोबती दुसऱ्या ठाण्याला होता, तो सुटला. मी साहेबांपुढे उभा राहिलो. ते म्हणाले, “परीक्षा पुढच्या खेपेला येईल. बंदोबस्त आज आहे.” मी सलाम केला आणि चौकात जाऊन उभा राहिलो.

सोबती पास झाला. नाशिकला गेला, दोन तारे लावून आला आणि तीन ताऱ्यांचा पोलीस निरीक्षक म्हणून निवृत्त झाला. मी नाईक झालो, मग तीन फितींचा हवालदार, मग सहायक फौजदार. मधल्या काळात सरकारची आश्वासित प्रगती योजना होती. बढती नाही मिळाली तरी ठरावीक वर्षांनी वरच्या पदाचा पगार द्यायचा, अशी ती योजना. २०१६ पासून ती दहा, वीस आणि तीस वर्षांची झाली. तिने माझे घर चालवले, हे मी कृतज्ञतेने सांगतो. पण पगार वर गेला आणि माणूस खालीच राहिला, की काय वाटते ते त्या योजनेत लिहिलेले नाही. कालचा पोरगा फौजदार होऊन येई आणि मी त्याला पंचनामा कसा लिहायचा ते शिकवून वर सलाम ठोकत असे.

२०२२ मध्ये सरकारने नाईकाची पायरीच काढून टाकली. शिपाई, हवालदार, सहायक फौजदार, फौजदार अशी शिडी आखूड केली आणि शिपाई म्हणून लागलेला माणूस फौजदार होऊन घरी जावा, असे धोरण ठरले. त्याच निर्णयाने मला निवृत्तीच्या उंबरठ्यावर श्रेणी फौजदार केले. दोन तारे खांद्यावर आले. ते लावून पहिल्या दिवशी मी घरी आलो तेव्हा बायको दारातच थांबली, काही न बोलता आत गेली आणि साखरेची वाटी घेऊन आली.

हे सारे सांगून मी पुतण्याला म्हणालो, “तर असे झाले. साहेबांनी एक रजा नाकारली आणि माझे आयुष्य फिरले.”

ही गोष्ट मी पंचवीस वर्षे सांगत आलो. लग्नात, लाईनीत, निवृत्तीच्या समारंभात. ऐकणारे नेहमी हळहळत. पुतण्याही हळहळला. तेवढ्यात करंज्यांचे ताट घेऊन आलेली बायको म्हणाली,

“अहो, पोराला खरे काय ते सांगा.”

“खरेच सांगतोय की.”

“पुढच्या खेपेचे सांगा.”

मी वहीची पाने उगाच उलटू लागलो. मग सांगितले. परीक्षेची पुढची खेप आली होती. साहेबही बदलून गेले होते. नवे साहेब चांगले होते, म्हणाले, अर्ज भर, रजा देतो. मी अर्ज भरला नाही. मुलगी चौथीत होती. लाईनीत नुकतीच दोन खोल्यांची जागा मिळाली होती. फौजदार झालो तर परजिल्ह्यात बदली, नवी शाळा, नवे भाडे. आणि मनात एक भीती होती, ती मी कोणाला कधी बोललो नाही : या खेपेला रजा मिळाली आणि मी नापास झालो, तर मग दोष कोणाला देऊ? ती रजा नाकारली गेली हे दुःख मला हळूहळू सोयीचे झाले होते.

बायकोने ताट खाली ठेवले आणि शांतपणे म्हणाली, “मुलीचे निमित्त मला कधीच पटले नव्हते. मी आले असते कुठेही.”

पंचवीस वर्षांत हे वाक्य ती प्रथमच बोलली. मीही पंचवीस वर्षांत प्रथमच विचारण्याची संधी दिली होती, म्हणा.

खात्याचा दोष मी पुसून टाकत नाही. माणसाला बारा-बारा तास उभे करून, ऐन परीक्षेच्या दिवशी रजा बंद करून, वर बढती गुणवत्तेवर आहे असे म्हणणे हा न्याय नव्हे. शिपायाला आठ तासांची पाळी द्या, परीक्षेची रजा हक्काची करा, मग गुणवत्ता पाहा. हे मी आज निवृत्त आहे म्हणून मोकळेपणी लिहू शकतो. पण खात्याचा हिशेब खात्याच्या नावे आणि माझा माझ्या नावे मांडला पाहिजे. इतकी वर्षे माझी उधारीही मी खात्याच्या खाती लिहीत होतो.

मग पुतण्याला मी माझे मत दिले. शिपायाचा अर्ज भर. बहिणीचे लग्न आणि सोसायटीचे कर्ज तुझ्या अभ्यासाची वाट पाहणार नाही. तो पगार प्रामाणिक माणसाचे घर चालवतो, हे ही वही दाखवते. घरच्यांच्या आजारपणाला पोलीस कुटुंब आरोग्य योजना आहे. निवृत्तिवेतनाचे मात्र नीट समजून घे. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना माझ्यासारखे जुने निवृत्तिवेतन नाही, म्हणून पहिल्या पगारापासून शिल्लक टाक. आणि फौजदारीची पुस्तके विकू नकोस. बराकीत ट्रंकेच्या तळाशी नको, उशाशी ठेव. एक खेप हुकली तर हळहळ, पण दुसऱ्या खेपेचा अर्ज त्याच आठवड्यात भर.

“आणि नापास झालो तर?” त्याने विचारले.

“तर नापास झालास एवढेच होईल. मी ते न होता सदतीस वर्षे काढली. ते जास्त महाग पडले.”

तो निघताना मी कपाटातून एक नवी शंभरपानी वही काढून त्याला ओवाळणीसारखी दिली. पगार आणि सुट्ट्या यांचे रकाने मी आखून दिले होते. बायकोने पट्टी घेऊन त्यांच्या पुढे आणखी एक रकाना आखला आणि वर आपल्या वळणदार अक्षरात लिहिले : ‘या महिन्यात अभ्यास किती केला’.