सी ड्राईव्ह फुल झालाय? डी मधली जागा सी ला अशी द्या

जिंतूरसारख्या तालुक्याच्या गावी सेवा केंद्रातल्या कॉम्प्युटरवर दिवसभर सातबारा, आधार, पीक विम्याचे कागद स्कॅन होतात. सगळं डेस्कटॉप आणि डाउनलोड्समध्ये, म्हणजे सी ड्राईव्हमध्ये साठतं. सी लाल होतो, डी मात्र रिकामाच.

मग बरेच जण डी श्रिंक करतात, तरी सी वर ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ पुसटच दिसतं. कारण श्रिंक केलेली जागा डी च्या शेवटी सुटते. विंडोजला ती सी ला लागून उजवीकडे हवी असते. मधे दुसऱ्याचं वावर असलं की बांध सरकवता येत नाही, तसंच हे.

१. डी मधला सगळा डेटा बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा. फाइली उघडून खात्री करा. डी मध्ये सॉफ्टवेअर टाकलेलं असेल तर थांबा.
२. विंडोज आणि एक्स बटण दाबून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा.
३. डी वर राईट क्लिक करून ‘डिलीट व्हॉल्यूम’ करा. पट्टा काळा दिसला पाहिजे. हिरवा दिसला आणि शेजारी ई ड्राईव्ह नसेल, तर तोही डिलीट करा.
४. सी वर ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ करा. ५० जीबीसाठी ५१२०० टाका.
५. उरलेल्या जागेवर ‘न्यू सिम्पल व्हॉल्यूम’ने डी बनवा, डेटा परत टाका.

मधे रिकव्हरी पार्टिशन असेल तर त्याला हात लावू नका. तेव्हा डाउनलोड्स फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘लोकेशन’ बदलून तो डी मध्ये हलवा. खरं तर हे सगळ्यांनीच करावं, नाहीतर सी पुन्हा भरणारच.