समोर कोण हवा?

एप्रिल उजाडला की बॉस्टनमधल्या माणसाला एक जादा काम लागतं. त्याला पगार नाही आणि वरिष्ठ नाही. निष्पन्नही काहीच होत नाही, कारण त्याचा निर्णय ऐकायला कुणी बांधील नसतं. तरी लोकलमध्ये, ऑफिसच्या कँटीनमध्ये, न्हाव्याच्या खुर्चीत बसल्याबसल्या माणसं ते मन लावून करतात. आपल्या बास्केटबॉल संघाला प्लेऑफच्या पहिल्या फेरीत समोर कोण मिळालं तर बरं, हे ठरवण्याचं ते काम. २०२२ च्या वसंतात मी बॉस्टनच्या एका उपनगरात राहत होतो. तेव्हा हे काम जवळून पाहिलं आणि पुढेपुढे त्यात मीही तोंड घालू लागलो.

एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, नियमित हंगाम ८२ सामन्यांचा. त्यानंतर पूर्व आणि पश्चिम अशा दोन्ही विभागांतून आठ-आठ संघ प्लेऑफमध्ये जातात. पहिल्याची गाठ आठव्याशी, दुसऱ्याची सातव्याशी, तिसऱ्याची सहाव्याशी आणि चौथ्याची पाचव्याशी. चार सामने आधी जिंकेल तो पुढे. वरच्या क्रमांकाच्या संघाला सातपैकी चार सामने घरच्या कोर्टवर मिळतात आणि वेळ आलीच तर सातवा, निर्णायक सामनाही घरीच होतो. सातव्या आणि आठव्या जागेसाठी सातव्यापासून दहाव्यापर्यंतच्या संघांत आधी प्ले-इन नावाची छोटी चकमक होते. एवढं कळलं की कुणीही या चर्चेत उतरू शकतो. बहुतेक वर्षी ती फार रंगत नाही. जितकं वर जाल तितका प्रतिस्पर्धी हलका, मग वर जाण्यातच शहाणपण.

त्या वर्षी मात्र गणित वाकडं झालं होतं. पूर्व विभागात मायामी हीटने पहिली जागा जवळपास पक्की केली होती. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या जागेसाठी बॉस्टन सेल्टिक्स, मिलवॉकी बक्स आणि फिलाडेल्फियाचे सिक्सर्स यांच्यात चुरस होती. आणि खाली, सातव्या-आठव्याच्या आसपास, ब्रुकलिन नेट्स दबा धरून बसले होते. केव्हिन ड्युरँट आणि कायरी अर्व्हिंग असलेला संघ तिथे असायला नको होता. पण अर्व्हिंगने कोविडची लस घेतली नव्हती आणि न्यूयॉर्क शहराच्या नियमामुळे मार्चअखेरपर्यंत त्याला घरच्या कोर्टवर खेळताच आलं नाही. ड्युरँटचा गुडघा जानेवारीत दुखावला. जेम्स हार्डन फेब्रुवारीत फिलाडेल्फियाला गेला आणि त्याच्या बदल्यात आलेला बेन सिमन्स एकदाही कोर्टवर उतरला नाही. गुणतक्त्यात मागे पडलेला हा संघ एप्रिलमध्ये मात्र पूर्ण दात-नखांनिशी तयार होता. म्हणजे घाम गाळून दुसरी जागा मिळवायची आणि बक्षीस म्हणून ड्युरँट पदरात पाडून घ्यायचा! आठ-दहा दिवस बॉस्टनमध्ये दुसरा विषय नव्हता.

सेल्टिक्सचं घरचं मैदान टीडी गार्डन नॉर्थ स्टेशनच्या डोक्यावरच उभं आहे. संध्याकाळच्या गाडीला वेळ असला की मी कॉजवे स्ट्रीटवरच्या एका बारमध्ये बसायचो. तिथे एक म्हातारबुवा रोज असायचे. सेल्टिक्सच्या लॅरी बर्डला त्यांनी भर उमेदीत खेळताना पाहिलं होतं. गुणतक्ता वगैरे ते बघत नसत. त्यांचं सगळं काम आठवणीवर चालायचं. तेव्हा सेल्टिक्सकडे असलेल्या अर्व्हिंगने २०१८ मध्ये बॉस्टनच्या प्रेक्षकांना ‘तुमची हरकत नसेल तर मी इथेच राहीन’ अशा अर्थाचा शब्द दिला आणि २०१९ मध्ये तो ब्रुकलिनला गेला. २०२१ च्या प्लेऑफमध्ये ब्रुकलिनने बॉस्टनला ४-१ असं लोळवलं आणि बॉस्टनमधला सामना जिंकल्यावर अर्व्हिंगने कोर्टच्या मधोमध असलेल्या सेल्टिक्सच्या बोधचिन्हावर बूट घासला. त्या दिवशी प्रेक्षकांतून कुणीतरी त्याच्या दिशेने पाण्याची बाटली भिरकावली होती. हे सगळं सांगून म्हातारबुवा म्हणायचे, ब्रुकलिनच हवं, हिशेब बाकी आहे. दोन पेले झाले की तेच म्हणायचे, नको रे बाबा, दुसरा कुणीही चालेल. मला यात विसंगती वाटली नाही. जुना वैरी समोर यावा आणि येऊही नये, असं वाटणं अगदी प्रामाणिक आहे.

ऑफिसातला एक सहकारी याच्या नेमका उलट. त्याला राग-लोभ नव्हता. त्याच्याकडे एक तक्ता होता आणि तक्त्यात एकच प्रश्न, कोण कुणाला अडवणार? ड्युरँट जवळजवळ सात फुटी, त्याचा चेंडू हातातून सुटतो तिथवर बचावपटूचा हात पोचत नाही. पण बॉस्टनकडे जेसन टेटम, जेलन ब्राऊन, मार्कस स्मार्ट आणि अल हॉरफर्ड असे चौघे होते, जे आपापला माणूस क्षणात बदलून घेऊ शकत. ब्रुकलिनचा स्वतःचा बचाव मात्र पोकळ होता. त्यामुळे ब्रुकलिन चालेल, असं त्याचं मत. त्याला धास्ती होती मिलवॉकीची, म्हणजे बास्केटच्या दिशेने धडक मारत येणाऱ्या यानिस आन्तेतोकुन्पोची. तिथे भिंत बनून उभा राहणारा बॉस्टनचा रॉबर्ट विल्यम्स मार्चच्या शेवटी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर घरी बसला होता. “मिलवॉकी जितकं उशिरा येईल तितकं चांगलं,” तो म्हणायचा, “तोवर रॉबचा गुडघा सुधारेल.”

हे ऐकताना माझ्या लक्षात आलं की बोलणं प्रतिस्पर्ध्याचं चाललं आहे, पण तपासणी होते आहे स्वतःच्या संघाची. स्थळं पाहणाऱ्या घरात पलीकडच्यांची पत्रिका मांडून बसतात आणि खरी काळजी आपल्याच अंगणातल्या एखाद्या अडचणीची असते, त्यातलाच प्रकार. ‘आम्हाला टोरँटो नको’ म्हणणाऱ्याला खरं तर विचारायचं असायचं, की आपले सगळे खेळाडू कॅनडात जाऊ शकतील ना? त्या वर्षी लस न घेतलेल्या परदेशी खेळाडूला कॅनडाच्या सीमेवर प्रवेश नव्हता. पुढे फिलाडेल्फियाची टोरँटोशी गाठ पडली, तेव्हा त्यांचा मटीस थायबुल तिथल्या सामन्यांना मुकलाच. ‘शिकागो द्या’ म्हणणारा आळशी, असं माझं स्पष्ट मत झालं. शिकागो सोपा प्रतिस्पर्धी, तो कुणालाही हवा होता. त्यात स्वतःबद्दल काही कबूल करावं लागत नव्हतं.

या कामाला एक काळी बाजू आहे. हवा तो प्रतिस्पर्धी मिळवायचा, तर कधीकधी हरावं लागतं. २००६ मध्ये पश्चिम विभागात हे उघड्यावर आलं. तेव्हाच्या नियमाने विभागातल्या गटांच्या विजेत्यांना पहिल्या तीन जागा मिळत. त्यामुळे ६० सामने जिंकलेला डॅलस चौथा होता आणि ४४ जिंकलेलं डेन्व्हर तिसरं. सहाव्या जागेवर राहिलात तर दुबळं डेन्व्हर समोर आणि त्यांच्याहून जास्त सामने जिंकल्यामुळे वर घरच्या कोर्टचा फायदाही तुम्हालाच. पाचवं आलात तर डॅलस. या दोन जागांवरच्या क्लिपर्स आणि मेम्फिस या दोघांनाही त्यामुळे एकमेकांविरुद्ध जिंकण्यात रस उरला नाही. क्लिपर्स हरले, सहावे राहिले आणि डेन्व्हरला ४-१ हरवून पुढे गेले. मेम्फिसला डॅलसने ४-० असं धुतलं. पुढच्या हंगामापासून लीगने नियम बदलला.

आपल्याकडच्या क्रिकेटवेड्यांना १९९९ चा विश्वचषक आठवत असेल. ओल्ड ट्रॅफर्डवर वेस्ट इंडीजविरुद्ध ऑस्ट्रेलियाला १११ धावाच हव्या होत्या आणि त्यांनी त्या ४०.४ षटकं रेंगाळत केल्या. न्यूझीलंडऐवजी वेस्ट इंडीज पुढे यावं, म्हणजे आपले गुण पुढच्या फेरीत टिकतील, असा तो डाव होता. इतकं करूनही पुढे गेलं ते न्यूझीलंडच. चषक ऑस्ट्रेलियाने जिंकला, ही गोष्ट वेगळी. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मात्र सोपी गाठ मिळावी म्हणून मुद्दाम हरणाऱ्या आठ बॅडमिंटनपटूंना थेट बाहेर काढलं गेलं. चाहत्याला अशी शिक्षा होत नाही, म्हणून तो बिनदिक्कत म्हणू शकतो, आज हरा!

१० एप्रिल, हंगामाचा शेवटचा दिवस. रविवार, आणि त्यात रामनवमी. संध्याकाळी एका नाशिककर मित्राकडे जमलो होतो. सुंठवड्याची वाटी फिरत होती आणि टीव्हीवर मेम्फिसमधला बॉस्टनचा सामना. मिलवॉकीचा सामना दुपारीच क्लीव्हलंडमध्ये उरकला होता. त्यांनी आपले मोहरे बसवून ठेवले आणि ११५-१३३ असे हरले. ज्रू हॉलिडे तेवढा उतरला, आठ सेकंद खेळला, एक फाऊल केला आणि बाहेर गेला. ठरावीक सामने खेळल्याबद्दलचा तीन लाख डॉलरहून मोठा बोनस त्या आठ सेकंदांत त्याच्या खात्यात पडला. मिलवॉकीने ब्रुकलिन टाळलं, असं तोंडाने कुणी म्हणालं नाही. म्हणायची गरजही नव्हती.

आता चेंडू बॉस्टनकडे. जिंकलात तर दुसरी जागा आणि बहुधा ब्रुकलिन. हरलात तर तिसरे-चौथे. मेम्फिसने स्वतःचे प्रमुख खेळाडू बसवले होते, त्यामुळे हरायचं तर बॉस्टनलाही आपले बसवावे लागले असते. प्रशिक्षक इमे उडोका यांनी सगळ्यांना उतरवलं. मित्र चिडला. “काय गरज होती? मिलवॉकीवाले बघ कसे शहाणे!” मीही मान डोलावली. कोपऱ्यात ताटली घेऊन बसलेली त्याची कॉलेजात शिकणारी मुलगी म्हणाली, “काका, तुम्ही सगळे फर्स्ट राउंडचंच बघताय. सेकंड राउंडला मिलवॉकीच येणार. गेम सेव्हन कुठे खेळायची, ते आज ठरतंय.”

तिने वेगळं काही पाहिलं नव्हतं. आम्ही तक्त्याची एक ओळ वाचून थांबलो होतो, ती पुढच्या ओळीवर गेली एवढंच. या कामातली सगळ्यात मोठी खोट हीच आहे. समोरच्या दाराशी कोण उभा आहे, यावर चाहत्यांचं डोकं इतकं खर्च होतं की त्याच्यामागे कोण येतोय, याचा हिशेबच मांडला जात नाही. बॉस्टन १३९-११० असं जिंकलं. दोन दिवसांनी ब्रुकलिनने प्ले-इन जिंकला आणि ज्याची धास्ती होती तो समोर आला.

पहिला सामना १७ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी. अर्व्हिंगने ३९ गुण ठोकले. शेवटच्या क्षणांत बॉस्टन एका गुणाने मागे. उडोका यांनी टाइमआऊट घेतला नाही. स्मार्टने शॉटचा आव आणून दोघांना हवेत उडवलं, चेंडू आत टेटमकडे सरकवला, टेटम गर्रकन वळला आणि घड्याळ संपता संपता त्याने तो बास्केटमध्ये टाकला. ११५-११४. दुसऱ्या सामन्यात ड्युरँटचे १७ पैकी फक्त ४ शॉट पडले. माझ्या सहकाऱ्याचा तक्ता बरोबर होता. बॉस्टनने मालिका ४-० अशी खिशात घातली. काही दिवसांपूर्वी ‘नको’ म्हणणारे सगळे आता ‘मी तेव्हाच म्हणत होतो’च्या रांगेत उभे होते. म्हातारबुवा मात्र तसं म्हणाले नाहीत. ते दोन्ही बाजूंनी बोललेले असल्यामुळे बरोबरच ठरले होते.

मिलवॉकीला हवं ते शिकागो मिळालं. मालिका ४-१ अशी सहज जिंकली, पण दुसऱ्याच सामन्यात ख्रिस मिडलटनचा गुडघा दुखावला आणि पुढच्या फेरीला तो मुकला. सोपा प्रतिस्पर्धी निवडला म्हणून दुखापत टळत नाही. पुढच्या फेरीत बॉस्टन-मिलवॉकी सातव्या सामन्यापर्यंत गेले. पाचव्या सामन्यात बॉस्टनने घरीच १४ गुणांची आघाडी घालवली, तेव्हा घरच्या कोर्टच्या महतीवर माझाही विश्वास डळमळला होता. पण १५ मे रोजी गार्डनमध्ये ग्रँट विल्यम्स या एरवी दुय्यम खेळाडूला मिलवॉकीने मुद्दाम मोकळं सोडलं आणि त्याने सात तीन-गुणी शॉट टाकले. १०९-८१. तो सामना बॉस्टनमध्ये झाला तो त्या रामनवमीच्या संध्याकाळमुळे. मिडलटन असता तर निकाल कदाचित वेगळा लागता, हे मान्य. तरी क्लीव्हलंडमधली ती दुपार मिलवॉकीला महागात पडली, या मतावर मी ठाम आहे.

पुढे बॉस्टनने मायामीला सातव्या सामन्यात मायामीतच जाऊन हरवलं. अंतिम फेरीत पश्चिमेकडून गोल्डन स्टेट वॉरियर्स आले. १६ जूनला त्यांनी बॉस्टनच्या कोर्टवर सहावा सामना १०३-९० असा जिंकून विजेतेपद नेलं. एप्रिलभरच्या सगळ्या चर्चांत त्यांचं नाव एकानेही घेतलं नव्हतं.