सोलापूरचे पाणी आणि गाळीव कॉफी

मुंबईहून चेन्नईकडे जाणाऱ्या लोहमार्गावर वसलेल्या, आणि मराठी, कन्नड व तेलुगू या तिन्ही भाषांचा संसार एकाच पेठेत चालविणाऱ्या सोलापुरात कॉफीला कोणी परकी म्हणणार नाही. दोन मजली फिल्टर, त्यात दाबून भरलेली चिकोरीमिश्रित पूड आणि खालच्या भांड्यात थेंबाथेंबाने उतरलेला काळाभोर अर्क हा सरंजाम येथील कित्येक घरांना परिचित आहे. अलीकडे त्याच्या शेजारी काचेचे वा चिनी मातीचे शंकू येऊन बसू लागले असून, ‘पोअर-ओव्हर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या उपकरणांपैकी कोणते घ्यावे, याचा खल तरुण मंडळींत मोठ्या हिरिरीने चालतो. माझ्या मते उपकरणाला इतका मान देण्याचे प्रयोजन नाही. निदान सोलापुरात तरी खरा मामला पाण्याचा आहे.

या उपकरणाची जननी म्हणजे जर्मनीतील ड्रेस्डेन शहरची गृहिणी मेलिटा बेंट्स. कपाच्या तळाशी साचणाऱ्या कडवट गाळाला कंटाळून तिने पितळी भांड्याच्या बुडाला खिळ्याने भोके पाडली, मुलाच्या वहीतला टिपकागद त्यावर अंथरला आणि १९०८ साली या युक्तीची सरकारदप्तरी रीतसर नोंदही करून घेतली. पुढे १९४१ मध्ये पीटर श्लुम्बोम यांनी काचेचे केमेक्स काढले, जपानने ६० अंशांच्या कोनाचा शंकू काढला. तजवीज मात्र मूळचीच राहिली.

ही तजवीज ज्या नियमाने चालते, तो कॉफीच्या नव्हे, तर नगराच्या पाणीपुरवठ्याच्या चिंतेतून जन्माला आला. फ्रान्समधील दिजाँ शहराचे अभियंते हेन्री दार्सी यांनी १८५६ मध्ये वाळूच्या थरातून पाणी किती वेगाने झिरपते याचे गणित मांडले: वरच्या पाण्याची उंची वाढली की वेग वाढतो, थर जाड झाला की घटतो. याखेरीज, कण निम्म्याने बारीक झाले की पाझर साधारण चौपटीने मंदावतो. भोकाचा आकार, भिंतीवरचे उंचवटे, बुडाचा सपाटपणा या साऱ्यांचे काम या पाझराचे नियमन करणे एवढेच. मोठ्या भोकाच्या शंकूत वेगाचा सगळा अंमल ओतणाऱ्याच्या मनगटाकडे जातो. म्हणून नवशिक्याने बारीक भोकाचे किंवा सपाट बुडाचे उपकरण घ्यावे. प्लास्टिकचे घेतल्यास बिघडत नाही, उलट ते उष्णता कमी गिळते. चिनी मातीचे आधी उकळत्या पाण्याने तापवून घ्यावे लागते. बाजारातील चिकोरीमिश्रित फिल्टर पूड मात्र येथे कामाची नाही, कारण तिचे बारीक दळण कागदाची छिद्रे बुजवून टाकते.

भाजलेल्या बीचा सुमारे ३० टक्के भाग पाण्यात विरघळू शकतो, परंतु तो सगळाच वसूल करणे इष्ट नव्हे. अमेरिकेत १९५०च्या दशकात अर्नेस्ट लॉकहार्ट यांनी केलेल्या अभ्यासातून १८ ते २२ टक्क्यांची मर्यादा रूढ झाली. तिच्या अलीकडे कॉफी आंबट लागते, पलीकडे कडू. पंधरा ग्रॅम जाडसर पुडीवर प्रथम चाळीसएक ग्रॅमच पाणी घालून अर्धा मिनिट थांबावे. भाजणीत कोंडलेला कार्बन डायऑक्साइड सुटू लागतो, थर फुगून वर येतो, त्याला भेगा पडतात, बुडबुडे फुटतात आणि मग तो हळूच खाली बसतो. शिळ्या पुडीत यातले काहीही घडत नाही. उरलेले दोनशे ग्रॅम पाणी बारीक धारेने, मध्यापासून कडेकडे फिरवीत, तीन मिनिटांच्या आत संपवावे. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंच असल्याने येथे पाणी ९८.५ अंशांच्या आसपासच उकळते. तेव्हा किटली उतरवून क्षणभर थांबले की पुरे.

आता पाणी. नळाला उजनी धरणाचे पाणी येते, पण ते रोज येत नाही, हे सोलापूरकरास सांगावयास नको. मधल्या दिवसांत बोअरचा आधार घ्यावा लागतो, आणि दख्खनच्या काळ्या कातळातून झिरपलेले ते पाणी बहुधा जड असते. त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम अर्क ओढण्यास साहाय्यच करतात. घात करते ते बायकार्बोनेट. कॉफीतील ज्या नाजूक आम्लांसाठी एवढा खटाटोप करावयाचा, त्यांनाच ते निष्प्रभ करते आणि कपात उरते ती केवळ मातकट कडसर चव. किटलीच्या बुडाशी धरलेला पांढरा थर त्याची साक्ष देतो. उलट, आरओ यंत्राच्या पाण्यातून क्षार जवळजवळ नाहीसे झाल्याने त्यातली कॉफी फिकी, पोकळ लागते. दोन्ही पाणी अर्धेअर्धे मिसळून आरंभ करावा आणि जिभेच्या साक्षीने प्रमाण बदलावे. महागड्या शंकूने जो फरक पडत नाही, तो या फुकटच्या मिश्रणाने पडतो.

कागदाचा एक गुण निःसंशय आहे: रक्तातील कोलेस्टेरॉल वाढविणारे कॅफेस्टॉल तो बव्हंशी अडवितो, धातूची जाळी तसे करीत नाही. ज्यांना हा धोका नाही आणि कागदाचा नित्य खर्च नको, त्यांना कापडाची मुभा आहे. कापडातून कॉफी गाळण्याची रीत कागदाहून जुनी आहे, आणि मागाच्या शहराने सुती कापडासाठी जपानकडे पाहावे असे काही नाही. मात्र येथे प्रसिद्ध असलेला टर्किश टॉवेल या कामी चालणार नाही, त्याच्या फासांत पूड अडकून बसते. घट्ट विणीचे, बिनरंगाचे, खळ काढलेले कापड घ्यावे, साबण न लावता धुवावे, स्वच्छ पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेवावे आणि खवट वास येऊ लागताच टाकून द्यावे.