चोथ्यात अडकलेली साखर : स्पार्जिंगविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

बिअर तयार करताना मोड आणून वाळवलेल्या सातूची, म्हणजे मॉल्टची, भरड साधारण ६५ ते ६८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवली जाते. या अवधीत धान्यातील विकरे पिष्टाचे शर्करेत रूपांतर करतात आणि त्यातून निघणाऱ्या गोड द्रवाला वर्ट म्हणतात. वर्ट निथळून घेतल्यावरही चोथा बराच गोड द्रव धरून ठेवतो, आणि तो मिळवण्यासाठी चोथ्यावर पुन्हा पाणी घालून धुऊन घेण्याच्या क्रियेस स्पार्जिंग असे नाव आहे. हा शब्द शिंपडणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून आला असून ही रीत स्कॉटलंडकडून इंग्लंडमध्ये पसरली. त्यापूर्वी इंग्लंडात त्याच धान्यावर दुसऱ्यांदा पाणी घालून पहिल्या पाण्याची कडक आणि नंतरच्या पाण्याची पातळ अशा निरनिराळ्या बिअर काढल्या जात. नारळाच्या चवातून आधी जाड आणि मग पाणी घालून पातळ दूध पिळणाऱ्या कोकणी स्वयंपाकघराला या तर्कात नवे काही आढळणार नाही.

ब्रिटनमध्ये १९६३ साली परवान्याची अट उठल्यानंतर आणि अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने करमुक्त मुभा मिळाल्यानंतर घरी बिअर करण्याचा छंद तिकडे फोफावला. (महाराष्ट्रात परवान्यावाचून असे करणे दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, तेव्हा पुढील विवेचन जेथे हा छंद वैध आहे तेथलेच समजावे.) सहलीचा उष्णतारोधक कूलर, त्याच्या तोटीला आतून जोडलेली पोलादी जाळीची नळी आणि एक मोठे पातेले एवढ्यावर अनेकांचे काम चालते, आणि उतारा कमी पडला की दोष बहुधा या साध्या साधनांना किंवा स्पार्जिंगच्या कौशल्याला दिला जातो.

हा पहिला आणि सर्वांत महागात पडणारा गैरसमज होय. एकूण उतारा दोन गोष्टींच्या गुणाकाराने ठरतो : पिष्टाची शर्करा किती झाली, आणि झालेल्या शर्करेपैकी किती पातेल्यात उतरली. भरड जाडी राहून दाणे अखंड सुटले असतील, तर त्यांच्या आतील पिष्ट शर्करा झालेलेच नसते, आणि जे झालेलेच नाही ते कितीही पाण्याने धुतले तरी निघणार कोठून? किलोमागे ३ लिटर पाणी घेतले असता पहिल्या वर्टमधील विद्राव्य अंश वजनाने सुमारे २० टक्के असावयास हवा. तो १६-१७ टक्केच भरला, तर स्पार्जिंगची पद्धत बदलण्यापूर्वी गिरणीच्या रुळांमधील फट तपासणे शहाणपणाचे. ही फट सामान्यतः १ मिलिमीटरच्या आसपास ठेवतात, कारण दाणा फुटला पाहिजे, पण त्याचे टरफल पुष्कळसे अखंड राहिले पाहिजे. पुढे हेच टरफल गाळणीचे काम करते.

दुसऱ्या घटकाचा, म्हणजे निचऱ्याचा, हिशेब बेरीज-वजाबाकीचा आहे. विरघळलेल्या शर्करेने वाढणारे आकारमान सोपेपणासाठी सोडून द्यावे आणि ५ किलो भरड १५ लिटर पाण्यात भिजवली असे मानावे. भरड किलोमागे सुमारे १ लिटर द्रव धरून ठेवते. म्हणून १० लिटर वर्ट निथळतो आणि त्याबरोबर दोनतृतीयांश शर्करा येते. आता १५ लिटर पाणी घालून ढवळले, तर भांड्यातील २० लिटरपैकी १५ लिटर निघतात, आणि एकूण उतारा जवळपास ९२ टक्के होतो. तेच पाणी साडेसात लिटरच्या दोन हप्त्यांत घातल्यास तो ९५ टक्क्यांच्या जवळ जातो, आणि सगळे ३० लिटर पाणी सुरुवातीलाच ओतून मुळीच न धुतल्यास ८३ टक्क्यांवर थांबतो. पहिल्या धुण्याचा लाभ सुमारे ८ टक्क्यांचा, दुसऱ्याचा ३ टक्क्यांचा. तिसऱ्यासाठी पाणी तापवत बसणे हे हौसेचे काम झाले. याउलट तोटीच्या पातळीखाली १ लिटर द्रव अडकून राहिला, तर तेवढाच वर्ट मिळवताना एका धुण्याचा उतारा ९२ वरून सुमारे ८९ वर येतो, म्हणजे शेवटी भांडे तिरके करण्याची साधी दक्षता जवळजवळ एका जादा धुण्याच्या तोडीची ठरते. याच हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते : उतारा हा उपकरणाचा कायमचा गुण नव्हे. कडक बिअरसाठी तेवढ्याच वर्टकरिता साडेसात किलो धान्य घेतले, की चोथाच अधिक द्रव पिऊन बसतो आणि एका धुण्याचा उतारा ८६ टक्क्यांपर्यंत घसरतो.

पाणी जितके सावकाश सोडावे तितके चांगले, ही समजूत अखंड स्पार्जिंगच्या बाबतीत खरी आहे. त्या पद्धतीत चोथ्यावर पाण्याचा थर राखून खालून तितकाच वर्ट तासाभरात हळूहळू काढतात, आणि घाई झाल्यास पाणी सोप्या वाटा शोधून बाकीचा चोथा कोरडा सोडते. परंतु कूलरवाले ज्या हप्त्याहप्त्याच्या पद्धतीने धुतात तिथे हा नियम उगाच उसना घेतला जातो. साबणाचे कपडे बादलीत खळबळून काढावेत तसे हे काम आहे. पाणी घालून नीट ढवळले, सुरुवातीचा एकदोन लिटर गढूळ वर्ट पुन्हा वर ओतला, की चोथा जाळीवर दबून बसत नाही तोवर तोटी पूर्ण उघडली तरी काही बिघडत नाही.

उकळत्या पाण्यासारख्या कडकडीत पाण्याने साखर जास्त सुटते हेही अर्धसत्य आहे. या तापमानांना शर्करा विरघळण्याची मर्यादा फार दूर असते; गरम पाण्याने द्रवाचा चिकटपणा कमी होऊन निचरा सुकर होतो, एवढेच. तुरटपणाचा दोषही एकट्या उष्णतेवर ढकलता येत नाही. टरफलातील टॅनिन उतरण्यास सामू ६ च्या वर चढणे आणि तापमान ७७ अंशांच्या पुढे जाणे या दोन्ही गोष्टी जुळून याव्या लागतात. म्हणून जर्मन-चेक पद्धतीत भरडीचा काही भाग चक्क उकळूनही बिअर तुरट होत नाही, कारण तेथे सामू साडेपाचच्या आसपास असतो. विंधणविहिरीसारख्या क्षारयुक्त पाण्याने मात्र, वर्ट पातळ होत जाईल तसा सामू चढतो, आणि अशा पाण्यात थोडे लॅक्टिक आम्ल मिसळणे हा खरा उपाय आहे. कापडी पिशवीत भरड भिजवणाऱ्यांना ती पिळू नये असे बजावले जाते, तेही निराधार आहे; दाबाने टॅनिन निर्माण होत नाही, आणि पिळून निघालेला लिटरभर वर्ट तेवढाच पदरात पडतो.

राहता राहिला मोजमापाचा प्रश्न. ५ किलोच्या भरडीत उतारा ७५ वरून ८० टक्क्यांवर नेल्याने वाचते ते सुमारे ३०० ग्रॅम मॉल्ट, आणि पुष्कळदा तेही वाचत नाही. कारण हायड्रोमीटर, म्हणजे द्रवाची घनता दाखवणारी काचेची नळी, ठरावीक थंड तापमानासाठी आखलेली असते, तर पाणी २० अंशांपासून उकळीपर्यंत जाताना सुमारे ४ टक्क्यांनी फुगते. घनता थंड नमुन्याची आणि आकारमान उकळत्या पातेल्याचे घेतले, की कागदावर ४ टक्के सुधारणा दिसते, आणि पातेले निवताच ती नाहीशी होते.